सोमवार ते गुरुवार, व्हाया भामरागड

२८ एप्रिल, सोमवार
पारा पंचेचाळीस. मेटाडोर मूलच्या अलीकडेच तापली, वाफ सोडत उभी राहिली. चाचणी चाळीस किलोमीटरचीही झाली नाही. भामरागड घरून अडीचशे.

मेकॅनिक मुखरू झाकण उघडून बराच वेळ बघत राहिला. "भाऊ, हे इंजन नाई, दमेकरी म्हातारा हाये. याले जंगलात नेता?"

नेतो म्हटलं. सदतीस वर्षांची गाडी. आमच्या पेपरचे गठ्ठे वाहायची. निवृत्त झालो त्या वर्षी भंगारातून उचलली — मागे दिवाण बसवला, जाळीच्या खिडक्या, लहान शेगडी. 'पुढच्या उन्हाळ्यात जाऊ' असं सुगंधाला चार उन्हाळे सांगितलं.

३० एप्रिल
कागदावर मांडलं. सुगंधाचं डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी. सोमवारी दुपारी एकला सुटका, गुरुवारी सकाळी सातला परत मशीनवर. मधले सहासष्ट तास आमचे. सोमवारी मुक्काम आलापल्ली, मंगळवारी भामरागडला नदीकाठी, बुधवारी परत. आयुष्यभर पेपरची पानं वेळेत सोडली, हेही सोडेन.

डॉक्टर म्हणाले, पुढच्या उन्हाळ्याचं बोलू नका. पावसाळ्यात तिकडचा रस्ता पुराखाली. म्हणजे मे. फक्त मे.

भामरागड ही तिची पहिली नेमणूक. बावीस वर्षांची नर्स. खोलीचं छत तापायचं म्हणून नदीच्या वाळूत झोपायची. "एक रात्र त्या वाळूवर." लग्नाला पस्तीस वर्षं झाली, दुसरं काही मागितल्याचं आठवत नाही.

३ मे
शकुबाईला फोन लावला. तेव्हाची तिची मदतनीस. "तेंदूचे दिवस हायेत बाई, गावात कुत्रंबी नाई भेटन. पण तुमी या. त्या दिवशी मी पानं तोडाले जात नाई." मग म्हणे, "झोपाले गाडी कायले आणता? वाळू कुठी गेली का?"

सुगंधा खळखळून हसली. मग खोकला. मग पाणी मागितलं. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवसाच्या लिटरमधला शेवटचा अर्धा कप होता. दिला.

५ मे, सोमवार
गाडी भरून हॉस्पिटलच्या फाटकाशीच लावली होती. सकाळपासून वीज नाही. वाट बघून दोनला कळलं — तिचा नंबर उद्या. गुरुवार मात्र तोच. एक दिवस गेला म्हणजे सगळंच गेलं.

घरी येऊन सामान उतरवलं. कणीक, डाळ, मच्छरदाणी. 

९ मे
भद्रावतीला भंगारात रेडिएटर सापडला. मुखरू म्हणतो, "बसते. पण म्या शपथ नाई घेत."

१२ मे, सोमवार
आज मशीन वेळेवर. सुगंधाचं बीपी पडलं, अर्ध्यात थांबवावं लागलं. प्रवास नाही.

मेचे दोन सोमवार उरले. कॅलेंडरकडे बघवत नाही. या चार उन्हाळ्यांत मी काय करत होतो? गाडीला रंग देत होतो! तेव्हा ती चालत होती, जेवत होती, हवं तेवढं पाणी पीत होती.

१३ मे
सामान पुन्हा भरलं. नुसतं बसवत नाही म्हणून.

१५ मे, गुरुवार
डॉक्टरांनी परवानगी दिली. अट एकच — गुरुवारी सकाळी सात म्हणजे सात. मुखरू स्वतःहून म्हणाला, "भाऊ, मी बी येतो. गाडी बंद पडली त तुमी का बातमी लिहान?"

परतीला तीन तास जास्तीचे धरले. तरी पुरे वाटत नाहीत. आलापल्लीपुढे गाडी बसली तर? फोन लागला नाही तर? तिला उचलून कुठवर नेणार मी?

१८ मे, रविवार
सकाळी हॉस्पिटलमधून डायलिसिसच्या रिनाचा फोन. "काका, सुगंधा मॅडमनं येत्या गुरुवारपासून आपला नंबर सोडला. जिवतीचा एक माणूस दोन महिन्यापासून यादीत हाये, त्याले द्या म्हणाल्या. डॉक्टरनं लय समजावलं, तरी सही करून गेल्या. उद्याचंच शेवटचं. तुमाले माहीत हाये ना?"

हो म्हणालो.

सुगंधा स्वयंपाकघरात डबे भरत होती. वर न बघता म्हणाली, "त्या कागदावरची परतीची वेळ खोडून टाका. अन् शकुले सांगा, एका रात्रीचं नाई."

अजून खोडलेली नाही.