पिऊन टाकलेली मागणी

झर्का, मंगळवार

वडीलबंधू अबू रकान यांच्या सेवेशी,

धाकट्या चुलतभावाचे अनेक सलाम. अल्ला तुमची सावली आमच्यावर कायम ठेवो. गुडघ्यांना आता उतार असेलच. तरी तुमच्या करक गावचा वारा वाईट, वहिनींनी शेकणं सोडू नये. इकडे सर्व क्षेम. तिन्ही बसगाड्या चालू आहेत आणि सक्रची आई बोलायची बंद आहे. (म्हणजे माझ्याशी. माझ्याबद्दल इतरांशी भरपूर बोलते.) कारण सांगतो.

आमच्या मुलाला, सक्रला, पेत्राच्या अबू इनादची मुलगी वद्हा हवी आहे, हे तुम्हांला ठाऊकच आहे. दहा वडीलधारी माणसं घेऊन मागणी घालू, मी पुढे होऊन बोलतो, असं तुम्ही म्हणालात. त्यावर मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं, की पंक्चर काढता काढता तीन बसगाड्या उभ्या केल्या त्या एकट्यानं, सूनही एकट्यानंच आणीन. ते पत्र जपून ठेवलं असेल तर कृपा करून चुलीत घाला.

शुक्रवारी गेलो. सक्रला नवा सदरा घालून गाडीतच बसवलं. पेत्राच्या फाटकाशी बत्तीस वर्षं मी प्रवासी उतरवतोय, पण आत कधी पाऊल टाकलं नाही (चहावाला बाहेर बसतो). अबू इनाद फाटकातच भेटला. म्हणाला, "आधी माझं घर बघ." मी म्हटलं, "गावातलं ना? चल, गाडी काढतो." तर म्हणतो, "ते सरकारनं दिलेलं. मी जन्मलो ते बघ. बत्तीस वर्षं दारात बसून कलिंगडाच्या बिया सोलल्यास, आता आत ये की!"

डोंगर उभा चिरलेला, मधून वाट, वर आभाळाची एक चिंधी. मी आपला टायरांबद्दल बोलत होतो. तेवढ्यात समोरच्या फटीतून एक गुलाबी खांब दिसला, मग दुसरा, मग डोंगरातच कोरलेला, ज्याला खजिना म्हणतात तो अख्खा दोन मजली महाल. आणि माझं वाक्य अर्ध्यावर राहिलं. अजून अर्ध्यावरच आहे. दादा, ते जुने कारागीर डोंगर वरून खाली कोरत आले. एक घाव चुकला तर दुसरा डोंगर कुठून आणणार? आमच्याकडे नट चुकला तर बदलतो, आणि वर मिशीला पीळ देतो.

पुढे तो जन्मला ती गुहा. छतावर दगडाचे तांबडे-निळे पट्टे, त्यांवर आईच्या चुलीची काजळी. त्यानं त्या काजळीला हात लावला. मी टायरांचं नावही काढलं नाही. (हे खोटं वाटेल, पण सक्रच्या आईलाही वाटलं.)

मग वर देरकडे, म्हणजे डोंगरात कोरलेल्या जुन्या मठाकडे, आठशे पायऱ्या. गाढव मी नाकारलं; मुलाचा बाप गाढवावरून उतरला, असं कुणी म्हणायला नको. वर पोचलो, मागे वळलो, आणि डोंगरच दरवाजा होऊन उभा! नुसता उंबरठाच माझ्या छातीला. मी मटकन बसलो. कुणीतरी हातात कॉफी दिली, प्यालो. पुन्हा दिली, प्यालो. तिसरी पिऊन पेला हलवला, म्हणजे पुरे. नजर भिंतीवरून हलली नव्हती.

मागणी मान्य होईपर्यंत पेल्याला ओठ लावायचा नाही, हे मी बारा वर्षांचा असताना तुम्हीच मला शिकवलंत.

अबू इनाद हळूच म्हणाला, "झालं समाधान? म्हणजे मागायचं काही नव्हतं तर! बरं केलंस, बघून गेलास." वद्हा जवळच प्रवाशांना माहिती देत होती, तिनं ओढणी तोंडावर धरली. आणि खाली सक्र नव्या सदऱ्यात माझी वाट बघत होता. त्याला काय सांगावं, या विचारात पायऱ्या मोजत उतरलो. त्या आठशेहून जास्त आहेत.

तुमचा आज्ञाधारक,
अबू सक्र

ता.क. मान खाली घालून लिहितो. दहा माणसं घेऊन या. तुम्हीच बोला. माझ्या हाती पेला देऊ नये.

ता.क. दुसरा. आत्ताच अबू इनादचा निरोप आला. मुलीचा होकार महिन्यापूर्वीच होता. मी पेला खाली ठेवून मागणी बोलेन म्हणून त्यानं पहिला पेला पुढे केला, आणि दुसराही त्याच आशेनं. वद्हा म्हणते, देरपुढे तोंड उघडं टाकून गप्प बसणारा सासरा तिला पसंत आहे.

ता.क. तिसरा. मागणीची नवी बैठक अबू इनादच्या गावातल्या घरी ठरत होती, गाडी थेट दारापर्यंत जाते. मी ती हट्टानं वर देरपाशी ठरवली आहे. तुमचे गुडघे ठाऊक आहेत, गाढव सांगून ठेवलंय. ती भिंत मला पुन्हा बघायची आहे, दादा, आणि एकट्यानं बघायची छाती नाही.