धोंडिबाची इंगळी

२ ऑक्टोबर १९८८, रविवार

आज पालेगावात बिऱ्हाड लावलं. खोली एकच, पण स्वतंत्र. वर कौलं, पुढे सारवलेली पडवी, मागच्या खिडकीबाहेर थेट भाताची खाचरं. लोंब्या पिवळ्या पडू लागल्यात. कुमुदिनीला ही खिडकी आवडणार. विजेची फिटिंग बघून मात्र हसू आलं. कोणा शहाण्याने अर्थिंगची तार भिंतीतल्या खिळ्याला गुंडाळून ठेवली होती. सगळं उसकटून नव्याने केलं आणि मगच चूल पेटवली.

मी चौथी शिकलो. मोटरी भरायला मला कुणी शिकवलं नाही. जळकी मोटर उघडायची, तारेचा एकेक वेढा उलटा सोडवायचा, बाईने विणलेला स्वेटर उसवतात तसा, असं शिकलो. उद्यापासून उल्हासनगर तीन नंबरला एका सिंधी शेठच्या दुकानात लागतो आहे. अंजनी आणि कुमुदिनी अजून गावी, श्रीगोंद्याकडे. पोरीची सहामाही झाली की दोघी येतील.

घरमालकीण सगुणाबाई पुढच्या अंगाला राहते. एकटी. तिचा नवरा धोंडिबा पावसाळ्यात वारला. तो विंचू उतरवायचा म्हणे. मी स्पष्ट सांगितलं की आमच्या घराने छप्पन साली देव, भुतं, मंत्र सगळं सोडलं. आमच्यात विंचू चावला तर डॉक्टर. तिला राग आला नाही. उलट चहा टाकला. गप्पांच्या ओघात मी माझीच गंमत सांगितली, की मी पायाळू, जन्मताना आधी पाय बाहेर आले. म्हणून लहानपणी गावात कुणाच्या पाठीत उसण भरली की माझी लाथ खायला यायचे. चांगले पाटील-देशमुख पालथे पडायचे आणि मी मनसोक्त लाथा घालायचो. सगुणाबाई चहा गाळता गाळता थांबली. खरंच पायाळू का, म्हणून परत विचारलं. मग माझ्या कपात आणखी एक चमचा साखर घातली.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

सुट्टी. माळा झाडला. कोपऱ्यात फडक्याने तोंड बांधलेलं मडकं, आणि त्यात जिवंत इंगळी! असा विंचू मी पाहिला नव्हता. माझ्या वितीएवढा लांब, काळा, उन्हात धरला की हिरवट झाक. नांग्या खेकड्यासारख्या फुगीर, दाणेदार. शेपटीला पाच मणी आणि टोकाला काटा.

सगुणाबाई म्हणाली, धन्यांचा पाळलेला आहे. रोज तळहातावर घेऊन बसायचे. त्यांना तो परत कधी डसला नाही. भीती वाटत असेल तर घेऊन जाते, असंही म्हणाली. मला कसली भीती? मी काचेची बरणी घेतली, तळाला रेती, वर कौलाचा तुकडा, झाकणाला खिळ्याने भोकं. झुरळ टाकलं. लोक समजतात विंचू डंख मारून खातो. चूक. झुरळासारखं लहान भक्ष्य तो नांग्यांनीच दाबतो, काटा वापरतच नाही. हे पुस्तकात असेल नसेल, मी डोळ्याने पाहिलं. कुमुदिनीला पत्रात इंगळीचं चित्र काढून पाठवलं.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज डसली. रेती बदलताना, उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर. आठवडाभर ती हातावरून निवांत फिरत होती. आज थांबली, शेपूट वळवली आणि घाई न करता, शिंप्याने नेमकी जागा बघून सुई टोचावी तसा काटा घातला.

कसं वाटलं ते नीट लिहून ठेवतो, कारण लोक नुसतं ‘आग झाली’ म्हणतात. मला विजेचे झटके भरपूर बसलेत. करंट माणसाला फेकतो. हे फेकत नाही, धरतं. आधी बोटाच्या पेरात तापलेली तार ओढल्यासारखं झालं. मग तो जाळ हाडाच्या आतून मनगटाला आला, तिथे अडला, कोपराला गेला. कोपरापासून खांद्यापर्यंत केस उभे. वेदना एकसारखी नाही. चढते, उतरते, उतरली असं वाटेपर्यंत पुन्हा चढते. काखेत अवधाण आलं. जीभ जड, तोंडात पितळेची चव. हात मीठपाण्यात बुडवला, बर्फ लावला, पण कशाचाही उपयोग झाला नाही. मी पुरुषमाणूस भिंतीला डोकं टेकून रडलो.

सगुणाबाई दारात उभी होती. धावपळ नाही, हाय नाही की हुय नाही. डोक्यावरचा भारा खाली ठेवल्यावर बाई सोडते तसा तिने श्वास सोडला आणि गावाकडे चालू लागली. मला वाटलं औषध आणायला गेली.

१६ ऑक्टोबर, रविवार

वेदना गेली, पण बोटाला स्पर्श राहिला नाही. बारीक तार हातात आली की नाही ते डोळ्याने बघावं लागतं. दोन कॉइलांचे वेढे चुकले. माझे! शेठ मोटरीकडे न बघता माझ्या हाताकडे बघत होता. म्हणाला, “साईं, चार दिन आराम कर ले.” त्याने हे प्रेमाने म्हटलं, त्याचंच जास्त लागलं.

इंगळी बरणीत शांत आहे. खात नाही.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

संध्याकाळी बाळाजी नावाच्या शेतकऱ्याला दोघांनी उचलून माझ्या पडवीत आणलं. भात कापताना काळा विंचू चावला होता, डाव्या टाचेला. मी ओरडलो, अरे इथे कशाला आणता, दवाखान्यात न्या. तेवढ्यात बाळाजीने माझं मनगट धरलं.

त्याचं विव्हळणं थांबलं. उठला, दोन पावलं चालून बघितलं आणि लाजल्यासारखा हसला. पायापाशी नारळ ठेवून आपल्या पायाने घरी गेला.

आणि माझी डावी टाच पेटली.

पण टाच माझी नव्हती. हे मी विचार करून लिहितो आहे. माझी टाच मऊ आहे, मी बूट घालणारा माणूस. मला जाणवत होती ती भेगाळलेली, राठ टाच, जिच्यात कडेला कधीचा बाभळीचा काटा मोडलेला होता. दुसऱ्या माणसाचा पाय माझ्या पायात घातल्यासारखा.

२० ऑक्टोबर, गुरुवार

डॉक्टरकडे जाऊन आलो. टाचेवर खूण नाही, सूज नाही. कामाचा ताण म्हणाले, ताकदीचं इंजेक्शन दिलं.

परत आलो तर पडवीत दोन बायका बसलेल्या. एकीचं बोट, एकीचा गुडघा. मी मागे सरलो, हात पाठीशी घेतले. त्यांनी वाकून पायाला हात लावला.

ज्या बोटात जाळ झाला त्यात घट्ट रुतलेली जोडवी जाणवत होती. मला. जोडवी.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

सगुणाबाईला धरून बसवलं आणि विचारलं. तिने काहीही लपवलं नाही, म्हणजे आता लपवायची गरज उरली नव्हती. ती इंगळी एका माणसाला एकदाच डसते. ज्याला डसते तो उतरवणारा. तो पायाळू असावा लागतो, नाहीतर जागच्या जागी मरतो. धोंडिबालाही ती अशीच एका म्हाताऱ्याच्या मडक्यातून आली होती. धोंडिबा गेल्यापासून गाव पायाळू माणूस शोधत होतं, आणि मी पहिल्याच दिवशी चहा पिता पिता स्वतः सांगितलं.

मंत्र वगैरे काही नसतो, विष मंत्राने जात नाही, म्हणाली. “भाऊ, ईख काय हवेत जातंय? कुनीतरी घ्यावंच लागतंय.”

धोंडिबा कसा गेला तेही सांगितलं. काळ्याचं विष कितीही मावतं, माणूस तळमळतो पण जगतो. तांबड्याचं एकही मावत नाही. कुणाचं तरी पोर होतं, तांबडा चावलेलं. पोर वाचलं. म्हणून ती आता अंगणात बसते, येणाऱ्याला आधी रंग विचारते आणि तांबडा असेल तर परस्पर सरकारी दवाखान्याला पाठवते. माझ्यासाठी एवढं करते, असं तिचं म्हणणं.

मी तिला बरंच बोललो. ती ऐकून घेत होती, आजाऱ्याचं ऐकतात तसं.

२४ ऑक्टोबर, सोमवार

पळालो. बदलापूरला चुलतभाऊ किसनकडे. त्याला इतकंच सांगितलं की तब्येत बरी नाही. दुपारी जेवताना उजव्या पोटरीत डंख. ताट सांडलं. तासाभराने मान. मग पुन्हा बोट, म्हातारं, सांध्यात वाकडं झालेलं.

इथे मला कुणीही शिवलं नव्हतं.

मग आठवलं. निघताना पडवीतल्या दोरीवर माझा शर्ट वाळत राहिला होता.

२६ ऑक्टोबर, बुधवार

परत आलो. शर्ट जाळला. पण उंबरा? खिळे, वायर, बल्बचा होल्डर? सगळ्या खोलीला माझाच हात लागलेला. बटन दाबलं तरी त्यांचं काम होतं. फिटिंग मी उत्तम केली होती.

इंगळी बरणीतून बाहेर काढून ठेचायला घेतली. वहाण उचलली, हात खाली येईना. ती स्वतःच चालत बरणीत गेली.

२९ ऑक्टोबर, शनिवार

अंजनीला पत्र टाकलं. येऊ नका, खोली ठीक नाही. अक्षर माझं वाटत नाही.

भातकापणी जोरात आहे. भारे उचलतात, खाली विंचू असतो. आज चौघे. एकाला डाव्या पायाला अंगठाच नाही. जिथे नाही तिथे दुखत होतं.

लोक वाईट नाहीत. तांदूळ आणून ठेवतात. एक म्हातारी माझ्या तोंडावरून हात फिरवून रडली. मग जाताना ठणठणीत चालत गेली.

१ नोव्हेंबर, मंगळवार

नोकरी गेली. शेठने माणूस पाठवला होता. तो दारातूनच बोलला.

आता कडी लावून बसतो. बाहेर सगुणाबाईचा आवाज. काला का तांबरा? काला. मग दाराला हात लाव—

३ नोव्हेंबर

लहान मुलाचा हात. फार लहान. मूठ मिटत नव्हती.

लिहिता येईना. डाव्या हाताने लिहितो.

५ नोव्हेंबर

आज एक तांबडा आला होता. सगुणाबाईने अंगणातून परत घालवला. बाप पाया पडत होता. ती नाही म्हणाली. मी आत बसून ऐकलं आणि मला बरं वाटलं.

मला बरं वाटलं.

६ नोव्हेंबर, रविवार

अंजनीचा आवाज. स्वप्न नाही. पत्र पोचलंच नव्हतं. कुमुदिनी दार वाजवते आहे, बाबा, इंगळी दाखवा. आतून एकच ओरडलो, दाराला हात लावू नका, परत जा. अंजनी रडते आहे. तिला वाटतं मी बाई ठेवली.

—

पोरगी पडवीत खेळते आहे. लोकांनी आणून टाकलेल्या पेंढ्यांवर. तिला सांगायला हवं, पेंढा उचलू—

—

किंचाळली.

सगुणाबाई विचारते आहे. रंग. अंजनी म्हणते, छोटाच आहे हो, लाल.

छोटाच.

—

सगुणाबाई पोरीला दारापासून ओढते आहे. “आत नको. तांबरा हाय. दवाखान्यात न्या.” बरोबर बोलते. मीही हेच बोलत आलो. डॉक्टर. पण रिक्षा फाट्यावर, फाटा लांब, आणि अंजनी म्हणते पोरीला दरदरून घाम सुटलाय, ओठ निळे—

आत कडी आहे. कडी मीच बसवली, चांगली जाड.

काढली.

—

पोरगी आत आली. सगुणाबाईच्या हाताला चावून आली. माझ्या मांडीवर बसली. हात बर्फासारखा, माझ्या मनगटावर ठेवलाय. डाव्या हाताने लिहितो. लिहीत राहिलो की तिला भीती नाही वाटणार.

म्हणते, बाबा, दुखायचं थांबलं.

मला अजून काहीच—

नाही. आता. बोट. केवढंसं बोट, शाईचा डाग आहे नखाला, मला जाणवतो—

दुखत नाही. नुसता घाम. छाती—

कुमुदिनी, बरणीला हात लावू नकोस. झाकण उघडं आहे. तू पण पायाळूच