खुब्याचा फोटो

३ जून, उदगीर
नांदेडचे डॉ. म्हणाले, खुब्याचा सांधा बदला. नंतर मांडी घालून बसायचं नाही. मग आम्ही लिंगायतांनी हातात इष्टलिंग घेऊन पूजा कशी करायची, खुर्चीवर बसून? उठून आलो. बायको महानंदा म्हणाली, "लातूरला नुसत्या सुईनं करतेत म्हणे." एवढं तरी कळतं तिला.

९ जून, लातूर
माझंच रक्त काढलं, यंत्रात फिरवलं, त्यातलं पिवळं पाणी खुब्यात टोचलं. आई आठवली. डॉ.: "फरक पडेल, पण खात्री देत नाही. दुखायच्या गोळ्या मात्र बंद."

१० जून
गोळीशिवायचं दुखणं आज कळलं. म. दिवसभर पाणी, ताट, काठी घेऊन खेपा घालते. तीही चार वर्षं लंगडते, पण ती नाटकं. दुकानात मी तिच्या चालीची नक्कल करायचो, गिऱ्हाइकं लई हसायची. आपलं ते दुखणं, दुसऱ्याचं ते ढोंग. माझ्या बंद झालेल्या गोळ्या तिला देऊन टाकल्या. कपाळाला लावून घेतल्या तिनं.

७ जुलै, लातूर
दुसरी सुई. डॉ. माझ्याकडं बघायचं सोडून म.ची चाल बघत बसले. "बाईंच्याही खुब्याचा एक्स-रे फोटो काढा." फोटो आला तेव्हा ती आत साडी नीट करत होती. मला म्हणाले, "यांचा सांधा संपलाय. सुईनं काही होणार नाही, बदलावाच लागेल, तोही लवकर. तुमचं एक वेळ थांबेल, यांचं नाही."
बाहेर तिला सांगितलं, वयाचं आहे. एस.टी.त तिनं मला खिडकी दिली.

८ जुलै
पैशाचं म्हणाल तर अडचण नाही. पण ती तीन महिने आडवी झाली तर माझं कोण करणार? अजून एक सुई बाकी. आधी मी नीट होतो, मग तिचं बघू.
लिहिताना लाज वाटली. वाटली, एवढंच.

१५ जुलै
लेक रेखा, हदगावला दिलेली. तिचा फोन. "अप्पा, आईचा फोटो मोबाईलवर पाठवा की." म्हटलं, सापडंना. कपाटावर आहे. म.चा हात तिथं पोचत नाही, स्टुलावर तिला चढवत नाही.

२ ऑगस्ट
तिसऱ्या सुईनंतर आज पहिल्यांदा मांडी घालून पूजा झाली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. उठता मात्र येईना. हाक मारली. म. भिंतीला धरत आली.
"तुमचं बरं होऊन राहिलं. मलाबी एक सुई घ्यावी का?"
"तुला नको."
"मंग माझं लई न्हाई म्हणायचं." बरं वाटलं तिला. तिनं हात पुढं केला. तिच्या हातावर सगळा भार टाकून उठलो. कळ तिला आली. ओठ चावून उभी राहिली, हात सोडला नाही.
रेखा उद्या येतेय. तिला काय सांगायचं, अजून ठरलं नाही.