वचनाखालचा फोटो

अप्पा,

मागच्या आठवड्यात मी गावाच्या त्या टोकाला, बोगादीला, लेकीकडे गेलो होतो. तिला मुलगा झालाय, चार महिन्यांचा. तुमचा पणतू. बाप्तिस्म्याची तारीख ठरवायची म्हणून मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो आणि ती पलंगावर बसून बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "अप्पा, बाप्तिस्मा नको." मी तुम्हाला म्हणायचो तसं तीही मला अप्पाच म्हणते. मला वाटलं बाळाला सर्दी आहे म्हणून म्हणतेय. म्हटलं, "बरं, पुढच्या महिन्यात करू." ती म्हणाली, "पुढच्याही नको. तुमच्या सभेत मी माझं बाळ नेणार नाही." आपण घरात मराठी बोलतो, पण चर्चच्या मंडळीला कन्नडातल्यासारखं सभाच म्हणत आलोय, तुमच्या वेळेपासून. तिच्या तोंडून तो शब्द असा आला की मला दुसरीच सभा आठवली, माइक आणि हारांची. मी विचारलं, "मग तो कोण म्हणून वाढणार?" तिनं घडी पुरी केली. "तिथं देव कुठं आहे ते तुम्ही दाखवा. आत्ता रिक्षा करून बाळ घेऊन येते." मी चष्मा पुसला. मग जावई कॉफी घेऊन आला आणि आम्ही बाळाच्या वजनाबद्दल बोलत बसलो.

घरी आल्यापासून तुम्हीच डोळ्यांसमोर आहात. तुम्ही असता तर तिला काहीतरी उत्तर दिलं असतं. तुमच्या वडिलांनी ख्रिस्त घेतला तेव्हा इथल्या राजाच्या घोडदळातल्या आपल्या मराठा भाऊबंदांनी रोटीबेटी तोडली, आणि ते गेले तेव्हा खांदा द्यायलासुद्धा कुणी आलं नाही, हे तुम्ही आम्हाला सांगायचात, पण कधी तक्रारीच्या सुरात नाही. जणू काही चांगली वस्तू घेतली, किंमत मोजली, झालं. मला त्या वस्तूसाठी काहीच मोजावं लागलं नाही. ती मला घरात पडलेली मिळाली.

मी अकरा वर्षांचा असतानाची एक दुपार सांगतो. तुम्हाला आठवत असेलच, पण मी ती कुठून बघितली ते तुम्हाला माहीत नाही. मी स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला पाटावर बसलोय, आई नाचणीच्या उकडीचा गोळा, मुद्दा, वळतेय, आणि तुम्ही दारातून आत येता. छापखान्यातून तुम्ही कधी दुपारी येत नसायचात. बोटं काळी आहेत, म्हणजे रॉकेलनं हात धुवायलासुद्धा थांबला नव्हतात. आई म्हणाली, "अहो, आज लवकर?" तुम्ही म्हणालात, "काम करणार नाही म्हणून सांगितलं." "कुणी? मालकांनी?" "मी."

आईचा हात तसाच थांबला. मग तुम्ही भिंतीला टेकून खाली बसलात आणि सांगितलंत. आपल्याच सभेतला एक माणूस निवडणुकीला उभा होता. आपल्या लोकांपैकी पहिलाच. छापखान्याचे मालक आपल्या चर्चच्या कमिटीवर होते, त्यांनीच पत्रक आणलं होतं. वर बायबलातलं मेंढपाळाचं वचन, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे', त्याखाली उमेदवाराचा फोटो, त्याखाली निवडणुकीचं चिन्ह. तुम्ही जुळारी. खणांतून शिशाचा एकेक खिळा उचलायचा आणि ओळ उभी करायची, हे तुमचं सव्वीस वर्षांचं काम. बाकी सगळं पत्रक तुम्ही जुळवलंत, वचनाची जागा तेवढी मोकळी ठेवलीत.

"म्हणजे तुम्ही त्याला मत देणार नाही?" आईनं विचारलं.

"देणार की. माणूस चांगला आहे. पण ते वचन त्याचं नाही. त्याच्या डोक्यावर लावलं तर वाचणाऱ्याला वाटेल, मेंढपाळ हाच."

"लोकांना कळतं हो तेवढं."

"आज कळतं," तुम्ही म्हणालात आणि हात धुवायला उठलात.

वचन दुसऱ्या कुणी तरी जुळवलं. रविवारी संध्याकाळी पाळकसाहेब, आपले अय्यनवरु, घरी आले, तेही स्वयंपाकघरातच बसले, कारण बाहेरच्या खोलीत आजी आजारी होती. ते कन्नडातून हळू आवाजात बोलले. आपले लोक थोडे आहेत, एक माणूस वर गेला तर सगळ्यांना आधार होईल. तुम्ही त्यांच्यासमोर कॉफीचा लोटा ठेवलात आणि म्हणालात, "अय्यनवरे, आधार हवाच आहे. माणसांकडे माणसांसारखा मागू या. देवाची सही घेऊन नको." ते कॉफी प्यायले, आईच्या हाताची स्तुती केली आणि गेले. पुढचे सात महिने तुम्हाला ओळ जुळवायला मिळाली नाही. छापून झालेले खिळे सोडवून परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचं काम दिलं, जे नव्यानं लागलेल्यांना देतात. उमेदवार पडला. दोन वर्षं चर्चमध्ये आपल्या बाकावर आपण घरचेच बसायचो, शेजारी कुणी येत नसे.

त्याच निवडणुकीत मी त्या उमेदवाराचा कागदी बिल्ला शर्टावर टाचून चर्चला आलो होतो. माझ्या वर्गातल्या सगळ्यांनी लावला होता. तुम्ही पायरीवर मला थांबवलंत, टाचणी काढून स्वतःच्या खिशात ठेवलीत, बिल्ला माझ्या हातात दिलात. "रस्त्यावर लाव. शाळेत लाव. ह्या दारातून आत जाताना अंगावर कुणाची पाटी नको." तुमचा आवाज चढला नव्हता. पण मागे दोन घरची माणसं उभी होती आणि मला इतकी लाज वाटली की सबंध उपासनाभर मी तुमच्याकडे बघितलं नाही. तुम्ही मात्र नेहमीसारखे गात होतात, डोळे मिटून, अर्धा सूर खाली.

मी छापखान्याचीच वाट धरली, खिळ्यांऐवजी कॉम्प्युटरवर. दुकान उघडलं त्या दिवशी तुम्ही माझ्या हातात तुमची पितळेची स्टिक ठेवलीत, जिच्यात ओळ जुळवायचात ती. म्हणालात, "ओळ नीट बसली की नाही, ते बोटांना कळलं पाहिजे." मी ती कागदांवर वजन म्हणून ठेवली. मग तुम्ही गेलात, आणि काही वर्षांनी मला चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी केलं. लोक म्हणाले, त्यांचा मुलगा आहे, सरळ असणार.

आता जे सांगतो ते मी कुणाला सलग सांगितलेलं नाही. शेजारच्या तालुक्यातल्या एका लहानशा प्रार्थनाघरावर दगड पडले. तिथल्या दोन बायकांची डोकी फुटली. आम्ही बघायला गेलो तेव्हा जमिनीवर काचा तशाच होत्या आणि तिथला पाळक त्या झाडत होता, आमच्याकडे बघत नव्हता. भीती खोटी नव्हती, अप्पा, हे तुम्हाला कळावं असं मला फार वाटतं. पुढच्या कमिटीत ठरलं की आपल्याला कुणाचा तरी हात डोक्यावर पाहिजे. निवडणूक तोंडावर होती. एक पुढारी तयार होता. आपल्यातला नव्हता, पण म्हणाला, पोलीस संरक्षण देतो, आणि हुणसूर रस्त्याला दफनभूमीची जागाही मिळवून देतो. आपली जुनी भरत आलीय हे तुमच्या वेळेलाच कळलं होतं. तुमच्या डोक्याशी आता दुसऱ्या कुणाचे पाय आहेत.

पत्रक मी केलं. वर वचन, खाली फोटो, खाली चिन्ह. वचन तेच, मेंढपाळाचं. तेव्हाच्या पाळकांनी सुचवलं आणि मी टाइप केलं. दहा मिनिटांचं काम. फोटोच्या कडा मऊ केल्या, मागे हलका उजेड टाकला. पितळेची स्टिक शेजारीच होती, तिच्याखालून कागद ओढून मी प्रूफ काढलं.

रविवारी पुढारी पंचवीस माणसं घेऊन आला. पुढचे दोन बाक त्यांच्यासाठी मोकळे करायचे होते आणि पहिल्या बाकाच्या टोकाला नर्सम्मा बसल्या होत्या. तुमच्या ओळखीच्या, बाळंतपणं करणाऱ्या, ज्यांच्या हातावर मी जन्मलो, माझी लेकही. ब्याऐंशी वर्षांच्या, कमी ऐकू येणाऱ्या. त्यामुळेच पुढे बसायच्या. मी वाकून त्यांच्या कानात म्हटलं, "नर्सम्मा, आजच्या दिवस मागे बसता?" त्यांनी विचारलं, "का रे, बाळा, प्रभुभोजन आहे?" मी म्हटलं, "पाहुणे आहेत." त्या काठी शोधू लागल्या. काठी बाकाखाली गेली होती, ती मीच काढून दिली. मागे जागा नव्हती. त्या दाराशी उभ्या राहिल्या. पाळकांनी पुढाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, त्याच्या विजयासाठी, आणि सगळी मंडळी आमेन म्हणाली. मग तो माइकवर आला, "ह्या सभेला माझा नमस्कार" म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. चर्चमध्ये टाळ्या. त्या आवाजात माझी लेक, तेव्हा एकोणीस वर्षांची, गायकांच्या रांगेतून उठली, सगळ्यांसमोरून चालत दारापर्यंत गेली आणि नर्सम्माचा हात धरून बाहेर पडली.

घरी मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, मला मान खाली घालायला लावलीस. ती म्हणाली, "नर्सम्मा वाटेत विचारत होत्या, माझं काही चुकलं का."

नर्सम्मा परत आल्या नाहीत. मी दोनदा जायचं ठरवलं आणि गेलो नाही. वर्षभरात त्या वारल्या.

पुढारी निवडून आला. दीड वर्षानं पक्ष बदलून तो ज्यांच्याबरोबर मंचावर बसला, त्यांच्यात दगड मारणाऱ्यांची बाजू घेणारे होते. जागा मिळाली नाही. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्याच्या माणसानं आम्हाला फाटकाबाहेर दोन तास उभं केलं. मग कमिटीतल्या अर्ध्या लोकांनी विरुद्ध बाजूचा पुढारी धरला, त्यांनीही पत्रक काढलं, त्यांचंही एक वचन होतं. दोन कमिट्या झाल्या, दोन सेक्रेटरी, कोर्टात दावा. एका ईस्टरला, पुनरुत्थानाच्या सकाळी, दाराला कुलूप होतं आणि पायरीवर हवालदार. लोक चांगले कपडे घालून आले होते, हातात फुलं होती. ती फुलं फाटकाच्या सळयांत खोचून ते गेले, आणि त्यातले पुष्कळ पुन्हा कधी आलेच नाहीत. मी ज्यांच्याबरोबर गायलो त्यांच्याशी आता कोर्टाच्या व्हरांड्यात नजर चुकवतो. कुलूप निघालंय. मागच्या रविवारी आम्ही अकराजण होतो. पाळक नवे आहेत, तरुण आहेत, रिकाम्या बाकांकडे बघत बोलतात. उपासना झाल्यावर दोघंजण बाहेर उभे राहून येत्या निवडणुकीत कोण येणार हेच बोलत होते. मी उभा राहून ऐकलं. रागसुद्धा आला नाही.

बोगादीहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चर्चची किल्ली घेऊन एकटाच गेलो. लेकीला उत्तर मिळतं का बघावं म्हणून. आपल्या बाकावर बसलो. तासभर बसलो. बाहेर भाजीवाला ओरडत गेला, पंख्यात चिमणीनं काड्या आणून ठेवल्या होत्या त्या बघितल्या. बाकी काही नव्हतं. मी उठून कुलूप लावलं.

आजवर मी सगळ्यांना सांगत आलोय की राजकारणानं आपली सभा खाल्ली, माझा विश्वास त्यानं नेला. बायकोला हेच सांगितलं, लेकीलाही. आज तुम्हाला तेच लिहायला बसलो होतो आणि एवढं लिहून झाल्यावर दिसतंय की ते खरं नाही. तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात, शेवटच्या आठवड्यातली ती दुपार. डॉक्टर बघून गेले होते. आई डबा आणायला गेली होती. तुम्ही म्हणालात, "प्रार्थना कर रे. मला शब्द सापडत नाहीत." आयुष्यभर शब्द जुळवलेला माणूस असं म्हणाला, आणि मी तुमचा हात धरून प्रार्थना केली. मोठ्यानं केली, नीट केली, सगळी वाक्यं ओळीनं आली. शेजारच्या खाटेवरच्या माणसानंही डोळे मिटले. माझ्या मनात त्या वेळी दुकानातली एक लग्नपत्रिका होती, तिचा रंग चुकला होता आणि ती संध्याकाळपर्यंत द्यायची होती. पलीकडे कुणी ऐकतंय असं मला वाटत नव्हतं. त्याच्या आधीही बरीच वर्षं वाटलं नव्हतं. पुढारी आला तो फार नंतर. त्याला जागा मोकळीच सापडली.

हे पाठवायचं कुठं. तुम्ही कुठं तरी आहात असं मानता आलं असतं तर लिहायची गरज पडली नसती. तरी एवढी एक गोष्ट तुमच्यापासून लपवून ठेवली होती ती सांगतो. त्या दुपारी माझं बोलणं संपल्यावर तुम्ही माझा हात दाबलात आणि आमेन म्हणालात. मी म्हणालो नाही.