सही बाकी

१४ सप्टेंबर, रविवार सकाळ

पिलूच्या बाबास,

सप्रेम नमस्कार.

“तो रकाना रिकामा सोडा.” हे वाक्य तू बावीस वर्षांपूर्वी एका कारकुनाला म्हणाला होतास. तुला आठवत असेल, नसेलही. काल प्रुफं वाचताना मला ते आठवलं, म्हणून आधी लिहून टाकलं. त्याबद्दल पुढे लिहीन.

मी बरी आहे. पिलूचा फोन दर शनिवारी येतो, तुलाही येत असणार. बाथरूमचा नळ शेवटी बदलून घेतला. प्लंबर आतला वॉशर हातात घेऊन म्हणाला, “हा कुणी बसवला होता हो? माणूस हौशी दिसतोय.” मी म्हटलं, हो, हौशीच.

आता कामाचं. आप्पांचं कुलवृत्तांताचं पुस्तक पुरं झालं. आपल्या आडनावाचे अकराशे चौदा लोक, अकरा पिढ्या, त्रेसष्ट घरं. माझ्या माहेरच्या आडनावाची तिसऱ्या पिढीपलीकडची माणसं मला सांगता येणार नाहीत, आणि तुझ्या आडनावाच्या माणसांची कुंडली मला तोंडपाठ आहे. आप्पांचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी वह्या माझ्यापुढे सरकवल्या होत्या. “तुझं अक्षर बरं आहे,” एवढंच म्हणाले. सुनेला काही सोपवताना सासऱ्यांनी यापेक्षा जास्त बोलावं अशी माझीही अपेक्षा नव्हती. तू गेलास, पुढे आप्पा गेले, वह्या माझ्याकडेच राहिल्या. कुणी मागितल्या नाहीत. मीही दिल्या नाहीत.

शुक्रवारी पानं छापखान्यात जायची आहेत. त्यातल्या एका पानावर तुझी सही हवी. ते पान घडी घालून सोबत ठेवलं आहे. आधी पत्र वाच, मग उघड.

आप्पांची पद्धत तुला माहीतच आहे. प्रत्येक नोंदीला दोन कागद आणि एक सही. “दोन कागद असल्याशिवाय माणूस जन्माला आला असं मानायचं नाही,” असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. सहीसुद्धा त्या घरात या आडनावाने जन्मलेल्याचीच. लग्न होऊन आलेल्या बायकांची चालत नाही. तुझ्या आत्याने एकदा भांडण काढलं होतं, “अरे, मुलं काय तुम्ही जन्माला घालता का?” आप्पा म्हणाले, “नाही. आम्ही फक्त लिहून ठेवतो.” नियम काही बदलला नाही.

प्रत्येक घराला क्रमांक आणि घरातल्या मुलांना जन्माच्या क्रमाने एक, दोन, तीन. आपलं घर चव्वेचाळीस. पिलू चव्वेचाळीस-दोन.

जूनमध्ये कच्चा मसुदा सगळ्या घरांना पाठवला आणि दुरुस्त्यांचा पाऊस पडला. कुणाच्या आजोबांचं दुसरं लग्न गाळायचं होतं, कुणाला वडिलांच्या नावापुढे ‘वकील’ हवं होतं. त्यांनी परीक्षा एकदाच दिली होती, तीही अर्धी. शिवणकाम करणाऱ्या काकांनी मात्र पान न् पान टेपने मापावं तसं वाचलं. त्यांचा फोन आला.

“सूनबाई, चव्वेचाळीस नंबरच्या घरात दोनपासून मोजतात का गं?”

“का हो काका?”

“एक नंबर दिसत नाही कुठे. आमच्याकडे शर्टाला पहिलं बटण नसेल तर गिऱ्हाईक शर्ट परत आणतं.”

मी म्हटलं, “चुकलं असेल. दुरुस्त करते.”

आणि मी दुरुस्त केलं. संगणकावर जाऊन दोनचा एक केला. एक बोट, एक कळ. नंतर कणीक मळायला घेतली. मला काहीच वाटलं नाही. खरंच सांगते, काहीही नाही. चार पोळ्या केल्या, एक खाल्ली, दूरदर्शनवर कुठल्याशा पुलाची बातमी होती ती शेवटपर्यंत पाहिली.

त्या शनिवारी पिलूचा फोन आला. तिनेही मसुदा वाचला होता, दुरुस्तीच्या आधीचा.

“आई, मी दोन नंबर कशी?”

“टायपिंगची चूक आहे गं.”

“पण आजोबांच्या वहीतही दोनच होतं. लहानपणी मी पाहिलंय. आजोबा आणि चूक?”

“माणूस आहे, चुकतो.”

“आजोबा?” ती हसली. मग म्हणाली, “बरं, मग एक कोण?”

मी सांगितलं, दूध उतू चाललंय, ठेवते. गॅसवर काहीही नव्हतं.

मग मी आप्पांची मूळ वही काढली. टाईप करायला मी नेहमी त्यांची दुसरी वही घेत असे, पक्की, शाईतली. मूळ वहीत आपल्या घराच्या पानावर पहिल्या ओळीत एक आकडा आहे. एक. त्यापुढे नावाचा रकाना रिकामा. त्यापुढे दोन तारखा, सहा दिवसांच्या अंतराच्या. शेवटी शेऱ्याच्या जागी त्यांच्या ठसठशीत अक्षरात ‘सही बाकी’.

सही नाही म्हणून पक्क्या वहीत ओळ घेतली नाही. पण पिलूला पुढचाच क्रमांक दिला. त्यांनी तुला सही मागितली होती का? मागितली असेल तर तू काय म्हणालास याचा मला अंदाज आहे. मागितली नसेल, तर तेही मला कळतं. या घरात न मागण्याची सवय सगळ्यांनाच होती.

जुलैत मी नोंदणी कार्यालयात गेले. तीच इमारत, तीच खिडकी. आता काच बसवली आहे आणि काचेला बोलायला गोल भोक. कारकून बाई होती, बोटाला रबरी टोपी. जन्माचं रजिस्टर काढलं, मग मृत्यूचं. दोन्हींत एकच अक्षर, एकच शाई. बाई म्हणाली, “ताई, नाव घातलेलं नाहीये.” मी म्हटलं, माहीत आहे. तिने दोन्ही नोंदींचे उतारे लिहून काढले. मग दोन्ही उताऱ्यांवर शिक्के मारले आणि मी न सांगता ते एका पाकिटात घालून दिले.

म्हणजे दोन कागद झाले.

आता जे इतकी वर्षं लिहिलं नाही, ते. त्या दिवशी तू खिडकीपाशी उभा होतास आणि मी मागच्या बाकावर. टाके ओढत होते. कारकुनाने विचारलं, “मुलीचं नाव?” तू मागे वळून पाहिलंस. माझ्याकडेच पाहिलंस. मी जमिनीकडे पाहिलं. मग तू म्हणालास, तो रकाना रिकामा सोडा. मी बावीस वर्षं ते वाक्य तुझ्या नावावर धरलं. तुझी बदली झाली, तू तिकडेच राहिलास, तेव्हाही मनात हेच म्हटलं की ज्याने रकाना रिकामा सोडला, तो घरही सोडणारच. पण नाव माझ्याजवळ होतं. सहाही दिवस मी तिला त्याच नावाने हाक मारत होते, नर्स खोलीत नसताना. तू वळून पाहिलंस तेव्हा सांगता आलं असतं. दोन अक्षरं होती.

ते मी इथेही लिहीत नाही. आता ते बाहेर काढलं तर वापरून जुनं होईल असं वाटतं.

पुस्तकाचं सगळं आता माझ्याच हातात आहे, नियम मी मोडू शकते. स्वतः सही करून ओळ घालू शकते, कुणी पकडणार नाही. फार तर शिवणकामवाले काका. पण आप्पांनी त्रेसष्ट घरांत एकालाही सवलत दिली नाही. आणि खरं म्हणजे मला कुणाचीही सही नको आहे. तुझी हवी आहे.

पुस्तकं आली की पिलू ती घरोघर पोचवायला येणार आहे. ती आपलं पान उघडणारच. तिला मी काय सांगायचं ते मी पाहीन, ते तुझ्यावर टाकत नाही.

आता ते पान उघड. पिलूला पुन्हा दोन केलं आहे. तिच्या वर एक ओळ आहे. तुझ्यासाठी खाली रेघ आखली आहे. नाव घाल असं मी म्हणत नाही. तो रकाना तू म्हणाला होतास तसाच रिकामा राहू दे. मला फक्त ओळ हवी आहे.

तू नाही म्हणशील. बहुतेक नाहीही म्हणणार नाहीस, पाकीट कपाटात ठेवशील आणि शुक्रवार जाईल. तरी मागते आहे. सही कर.

दोघींची आई