सहीची जागा

४ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. मामींच्या गुडघ्याची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. त्यांनी खाली पुस्ती जोडली आहे की टपालपेटी समोरच्या गल्लीत असताना तुम्ही मागच्या रस्त्याने मैलभर वळसा घालून दुसऱ्याच पेटीत पत्र टाकायला जाता. तीस वर्षं कारखान्यात बॉयलरसमोर उभे राहिलात, आता पाय मोकळे करताय म्हणायचं का?

माझं डोकं मात्र तापलंय. आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते आणि आलेल्या तक्रारी मेकॅनिकना कळवायचं काम माझं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मागच्या मंगळवारी एका दवाखान्याच्या वॉचमनचा फोन आला की लिफ्टचा ब्रेक धरत नाही, थांबल्यावरही ती वीतभर खाली सरकते. मी मेल केला. आता आमच्याकडे नवा मेल कुणी लिहीतच नाही. समोर जो उघडा असेल त्यालाच उत्तर ठोकायचं आणि सगळ्यांना धाडायचं, झालं काम. माझ्यासमोर होता 'जेवणाच्या सुट्टीची बदललेली वेळ'. त्याच मथळ्याखाली, इतर कामांच्या यादीत सातव्या ओळीत, मी ब्रेकचं लिहिलं. सव्वीस जणांना गेलं. सोळा जणांनी 'नोंद घेतली' असं कळवलं आणि एकाने विचारलं की सुट्टी दीडला की दोनला.

बुधवारी आमचे पानादादा, म्हणजे सगळ्यात जुने मेकॅनिक, तिथे नेहमीच्या तेलपाण्याला गेले. लिफ्टच्या टपावर चढले, ती सरकली आणि त्यांचं मनगट चिरडलं. आता साहेबांनी कागद तयार केलाय की मेकॅनिकला आधी सूचना दिली होती, हलगर्जीपणा त्याचाच. खाली माझ्या सहीची जागा. सही झाली की पानादादांची नोकरी गेली. मामा, मंगळवारी फोन माझ्या उजव्या हाताशी होता! उचलला असता तर दोन मिनिटांचं काम होतं.

पंधरा तारखेपर्यंत मुदत आहे. तुमचा लोभ तर आहेच, या खेपेला थोडं बळही पाठवा.

तुमची,
ठिणगी

---

९ मार्च

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू सही करून टाक. मेल गेला होता, हे काही खोटं नाही. ही नोकरी मिळवताना तुझ्या किती चपला झिजल्या ते मी पाहिलंय. तुझी आई गेल्यापासून तुझी काळजी माझ्याकडे आहे आणि साहेबाच्या तोंडी लागून भाची घरी बसलेली मला पाहवणार नाही. पानादादा हुन्नरी माणूस आहे, त्याला कुठेही काम मिळेल. तुला चार दिवस वाईट वाटेल, मग अंगवळणी पडतं. हे अनुभवाने लिहितोय. कसला अनुभव ते विचारू नकोस.

आणि मामींच्या पुस्तीकडे लक्ष देऊ नकोस. मागच्या रस्त्याला सावली असते.

जिवाला जप, आणि या म्हाताऱ्याचं एवढं ऐक.

तुझा मामा

---

१६ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

नाही ऐकलं. रागवायचं तर रागवा.

लहानपणी मला दुकानात पाठवताना चारही जिनसा माझ्याकडून परत वदवून घेतल्याशिवाय तुम्ही उंबरा ओलांडू देत नव्हता. तुम्हीच सांगायचात की कारखान्यात पाळी बदलताना जाणाऱ्याने सांगायचं, येणाऱ्याने ते शब्द न् शब्द परत म्हणून दाखवायचं, आणि तोवर जाणाऱ्याने हात धुवायचे नाहीत. मग मेल गेला म्हणजे सांगून झालं, हे तुमच्या लेखणीतून आलंच कसं? तुमचा भारी राग आला मला.

साहेबांकडे गेले तर त्यांनी मान वर न करता सांगितलं की जे असेल ते मेलवर कळव. कळवलं! नवा मेल, फक्त त्यांना, मथळा 'सही करणार नाही'. खाली तीन ओळी: पानादादांना सूचना मिळाली नव्हती, चूक माझी आणि आपल्या पद्धतीची आहे, आणि चौकशीत मी हेच सांगेन. मग केबिनमध्ये जाऊन तोच मेल मोठ्याने वाचला आणि काय ऐकलंत ते परत सांगा, असं मी त्यांना म्हटलं. साहेब टोमॅटोसारखे लाल झाले. पण माझ्या सहीवाचून तो कागद रद्दीच होता. पानादादांची नोकरी शाबूत आहे. मला लेखी ताकीद मिळाली, सव्वीस जणांना प्रती पाठवून. मथळा अजूनही 'जेवणाच्या सुट्टीची बदललेली वेळ'.

आता धोक्याची तक्रार आली की मी आधी फोन करते आणि मेकॅनिककडून परत म्हणवून घेते. पहिले दोन दिवस सगळे हसले. काल एकजण स्वतःहूनच म्हणून दाखवायला लागला. मेल त्यानंतर, एका माणसाला, एका कामाचा.

तो अनुभव कसला, हे मी विचारतेच आहे. लोभ कमी करू नका, उत्तर मात्र द्या.

ठिणगी

---

२३ मार्च

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही. तुझं पत्र खिशात घालून तीन दिवस नुसता फिरत होतो.

समोरच्या गल्लीत लंबू राहतो. आमचा बॉयलर एकच, पाळ्या वेगळ्या. तू लहान असताना तो तुला खांद्यावर घेऊन हिंडायचा. एकदा वाफेचा एक व्हॉल्व्ह गळत होता आणि मला घरी जायची घाई होती. त्याची वाट न बघता मी फळ्यावर खडूने लिहिलं आणि हात धुऊन निघालो. दार उघडलं की तो फळा दारामागे जायचा, हे मला ठाऊक होतं. लंबूचा हात खांद्यापर्यंत भाजला. मॅनेजरने कागद पुढे केला की त्याला सांगितलं होतं. मी सही केली. त्याची नोकरी गेली. अंगवळणी पडतं, असं तुला लिहिलं ते साफ खोटं. बावीस वर्षं मी मागच्या रस्त्याने जातोय आणि तिथे सावलीही नाही.

आज सकाळी समोरच्या गल्लीत शिरलो. सगळं चिठ्ठीवर लिहून नेलं होतं, पण तुझी आठवण झाली आणि चिठ्ठी खिशातच ठेवली. लंबू ओट्यावर बसला होता. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मग आमच्या पाळीच्या रिवाजाने त्याने ते परत म्हणून दाखवलं, की मी त्याला सांगितलं नव्हतं, की सही खोटी होती, की चूक त्याची नव्हती. मी म्हटलं, बरोबर.

मग तो उठून आत गेला आणि माझ्या हातांवर घालायला पाणी घेऊन आला.

हे पत्र समोरच्या पेटीत टाकतो आहे. लोभ आहेच, धाक मात्र आता तुझा.

तुझा मामा