टाकीतलं तेल

४ जानेवारी १९६४
आले बाई एकदाची जबलपूरला, नर्सच्या नोकरीवर! अमरावतीहून निघताना आई रडली, मी मात्र खुश. खोलीत छान ऊन येतं. शेजारीण मराठीच, आल्याआल्या मटाराची उसळ दिली. मदन महल स्टेशनाजवळच दवाखाना. डॉक्टर चिंतामणींनी मोठी लोखंडी टाकी दाखवली. माणसाला आत निजवून दाबानं ऑक्सिजन भरतात. लडाखच्या बर्फात पाय गोठलेला शिपाई पुंडलिक इथं आहे. बोटं काळी पडलीत. जगली नाहीत तर पाय कापावे लागतील. त्याला कोरडं पुसून आत पाठवायचं, हे माझं काम. तेलाचा थेंबही नको, ऑक्सिजनमध्ये भडका उडतो.

९ जानेवारी
बोटांना गुलाबी रंग येऊन राहिला! पण पुंडलिकची आई अंजनीबाई इथल्याच दीक्षितपुरा मोहल्ल्यातून रोज तिळाचं तेल घेऊन हजर. चोळल्याशिवाय पाय कसे जगतील म्हणते. आज फाडकन बोलले मी, काहून समजत नाही तुम्हाला, पोराला जाळता का? रडत गेली.

१३ जानेवारी
पुंडलिक टाकीतून निघाला तर पाय तेलानं माखलेले! अंजनीबाईवर तुटून पडले. तिनं पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. खोटारडी!

१४ जानेवारी
संक्रांत म्हणून अंजनीबाई आलीच नाही. पाय मी पुसले, दार मी लावलं. तरी तेल. पुंडलिक म्हणाला, दीदी, आत एक आजी बसते, पाय चोळते, मला मोहन म्हणते.

१५ जानेवारी
झाडूवाल्या विठोबाला खडसावलं तेव्हा बोलला. मोहन आधीचा रोगी. डॉक्टरनं त्याच्या आईला सोबतीला आत बसू दिलं, तिनं पदराखाली तेल नेलं. दोघं जळाले. अन् या डॉक्टरनं टाकीला रंग मारून पुन्हा चालू केली! त्याला तोंडावर विचारलं. म्हणे, सांगितलं असतं तर कोणी आत गेलं नसतं. हलकट! आता पुंडलिक आत जातो कसा, बघतेच मी.

१६
चहाला गेले तेवढ्यात डॉक्टरनं घातलंच पुंडलिकला टाकीत. दार लगेच उघडत नाही, दाब हळूहळू उतरवावा लागतो— डॉक्टर चक्री फिरवून राहिला. अंजनीबाई टाकीच्या काचेच्या झरोक्यावर डोकं आपटतेय. मला काहीच करता येत नाही म्हणून लिहितेय, कळू दे सगळ्यांना, कोणी—

आत म्हातारी, पाठमोरी. पुंडलिक हसतोय. बोटं गुलाबी, बाळाची असावीत तशी—

आतल्याशी बोलायच्या नळीतून त्याचा आवाज. आजी म्हणते तेल गार आहे, जरा कोमट करते—

काडी—